सफरचंद-पेअरची चटणी पातळ राहते

प्रश्न : आमच्या लेस्टरच्या घरामागे ब्रॅमली सफरचंदाचं झाड आहे. ऑक्टोबरमध्ये पेअर घालून चटणी केली, पण ती पाणचट झाली आणि व्हिनेगरचा वास नाकात जातो. व्हिनेगर कमी घालू का?

उत्तर : व्हिनेगर अजिबात कमी करू नका. ही पानातली ताजी चटणी नव्हे, मुरवायची आहे. ती व्हिनेगर आणि साखरेवरच टिकते. तुमची कमी पडली ती आटवणी. १ किलो सफरचंदं, अर्धा किलो पेअर, अर्धा किलो कांदे आणि ४०० ग्रॅम साखरेला ५ टक्के आम्लतेचं अर्धा लिटर व्हिनेगर घ्या. पसरट स्टीलच्या पातेल्यात, झाकण न ठेवता, मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्या. तांब्या-पितळेचं भांडं नकोच. ब्रॅमली शिजताच विरघळतं, म्हणून पेअर जेमतेम पिकलेले निवडा आणि शेवटच्या अर्ध्या तासात घाला. फोडी दाताखाली आल्या की खरी मजा! डाव तळाशी ओढल्यावर वाट उमटून राहिली पाहिजे. तिच्यात पाणी धावून आलं, तर अजून आटवा. ओव्हनमध्ये तापवलेल्या बरण्यांत गरमच भरा. झाकणाला आतून प्लॅस्टिकचा थर हवा, नुसता पत्रा गंजतो. व्हिनेगरचा उग्रपणा दोन महिन्यांत निवळतो, तोवर बरणी उघडू नका. आताची पातळ चटणीही परत पातेल्यात ओतून आटवता येईल.