नागाचे घर कोणते?

श्रावण शुद्ध पंचमी हा दिवस महाराष्ट्रात नागपूजेचा मानला जातो. कोठे पाटावर गंधाने नाग रेखतात, कोठे कुंभाराकडून मातीचा नाग आणून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवितात. सांगली जिल्ह्यातील शिराळा या गावी मात्र ही पूजा अनेक पिढ्या जिवंत नागाची होत असे. बत्तीस गावांचे मुख्य ठिकाण म्हणून हे गाव बत्तीस शिराळा या नावाने ओळखले जाते. पंचमीच्या आधी काही दिवस तरुणांच्या टोळ्या शेतांच्या बांधांवरून व ओढ्याकाठांवरून नाग पकडून आणीत, मडक्यात घालून ते घरी ठेवीत, पूजेनंतर वाजतगाजत मिरवणूक काढीत आणि पुढे त्यांना रानात सोडून देत.

या प्रथेमागे श्रद्धा होती, नागाविषयी आदरही होता. तथापि, आदराने घरी आणलेल्या नागाला त्या घरात काय लाभते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. गावोगावी सापांविषयीचे कुतूहल वाढत असताना, आणि शहरांतून परदेशी साप पाळण्याची हौस दिसू लागली असताना, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांनी या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

सापाच्या गरजा

गाय, कुत्रा, मांजर हे प्राणी हजारो वर्षांच्या सहवासाने माणसाळले आहेत. साप तसा माणसाळत नाही. हाताळण्याची सवय झाल्याने तो काही काळ शांत राहील. परंतु ती शांतता म्हणजे मालकाची ओळख नव्हे. सापाच्या शरीराला स्वतःची स्थिर उष्णता नसते. ऊन आणि सावली, कोरडी जागा आणि ओलावा यांमध्ये फिरून तो शरीराचे तापमान राखतो. अन्नाचे पचनही या उष्णतेवर अवलंबून असते. मडक्यात, टोपलीत वा काचेच्या पेटीत ही निवड त्याला उरत नाही. भेदरलेला साप अन्न घेत नाही, घेतलेले अन्नही पुष्कळदा ओकून टाकतो. कात टाकण्याच्या सुमारास त्याच्या डोळ्यांवर धूसर पटल येते व दृष्टी मंदावते. अशा वेळी त्याला हाताळणे त्याला व माणसाला सारखेच धोक्याचे ठरते.

साप दूध पितो, हा समज दृढ असला तरी खरा नाही. दूध हे त्याचे अन्न नव्हे. कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल तो द्रव पितो, एवढाच त्याचा अर्थ. बळेच पाजलेले दूध श्वासनलिकेत जाऊन त्याचे फुप्फुस बिघडू शकते. सापाला बाह्य कानही नसतात. पुंगीच्या सुरावर तो डोलतो असे दिसते. वस्तुतः हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तो स्वसंरक्षणाच्या पवित्र्यात उभा असतो. खेळासाठी ज्याचे विषारी दात उपटले जातात, त्या नागाचे तोंड जखमेने सडते व तो उपासमारीने मरतो. दात पुन्हा उगवत असल्याने असा नाग निर्धोक झाला असे मानणेही घातक आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्याला पकडणे याचाही समावेश शिकारीत होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, नाग, घोणस, धामण व अजगर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीबद्दल तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. वन्य प्राणी हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळचे पोलीस ठाणे वा अधिकृत अधिकारी यांस कळविणे बंधनकारक आहे.

हौसेने आणल्या जाणाऱ्या परदेशी सापांनाही नियम आहेत. बॉल पायथनसारख्या ज्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत, त्या बाळगणाऱ्यांसाठी २०२४ च्या नियमांनी परिवेश संकेतस्थळावरील नोंदणी आवश्यक केली आहे. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर असा साप घरी आणणे हे अज्ञानाचे नव्हे, तर गुन्ह्याचेही कारण होऊ शकते.

शिराळ्याच्या प्रथेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि त्यानंतर जिवंत नागांची पूजा व मिरवणूक थांबून प्रतिमापूजा सुरू झाली. हा बदल गावाला सोपा गेला नाही. परंपरेच्या आठवणीने अनेकांचे मन हळहळले. २०२५ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २१ व्यक्तींना, अभ्यास व पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी, मोजक्या दिवसांपुरती नाग पकडण्याची परवानगी दिली. परवानगी, हेतू आणि मुदत या तीन मर्यादा येथे ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

याच मर्यादांत सापाचे ज्ञान कसे उपयोगी पडते, याचे उदाहरण तमिळनाडूत सापडते. तेथील इरुला आदिवासी पूर्वी कातड्यांच्या व्यापारासाठी साप पकडीत. तो व्यापार बंद झाल्यावर १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. सदस्य शासनाच्या परवान्याने साप आणतात, काही आठवडे मडक्यांत ठेवून त्यांचे विष काढतात आणि खूण करून त्यांना पुन्हा रानात सोडतात. या विषापासून सर्पदंशावरील लस तयार होते. मडके येथेही आहे. पण त्याच्याबरोबर शिक्षण, परवाना व हिशेबही आहे.

माणसाचे हित

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर उपलब्ध लस गुणकारी आहे. मात्र ती वेळेवर मिळाली पाहिजे. २०२४ साली केंद्र शासनाने जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे.

दंश झालेल्या व्यक्तीस धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळीने आधार देऊन स्थिर ठेवावा, अंगठी व बांगड्या काढाव्यात आणि तिला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. घट्ट दोरी आवळणे, जखम कापणे वा चोखणे, मंत्रोपचारात वेळ दवडणे हे टाळावे. साप मारून वा पकडून बरोबर नेण्याची आवश्यकता नाही.

ग्रामपंचायतीने प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असल्याची पावसाळ्यापूर्वी खात्री करून घ्यावी, १०८ व वनविभागाचा १९२६ हे क्रमांक चावडीवर व शाळेत लिहून ठेवावेत आणि घरालगतचे दगड, सरपण व उकिरडे हलवावेत. जेथे उंदीर तेथे साप, हे ध्यानी घेऊन धान्याची साठवण सुधारावी. शिक्षकांनी वर्गात पकडलेला साप न दाखविता चित्रे व प्रतिकृती वापराव्यात. पुण्याच्या कात्रज येथील सर्पोद्यानाची सहल काढल्यास मुलांना साप सुरक्षितपणे पाहता येतील. घरात साप शिरल्यास दूर राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वनविभागास कळवावे.

नागपंचमीच्या दिवशी जमीन नांगरू नये, खणू नये, काही चिरू नये, असा संकेत आपल्याकडे पूर्वापार आहे. पावसाने बिळे भरून साप बाहेर पडतात, त्या दिवसांत भूमीला धक्का लावू नये, हा त्यातील बोध आहे. शिराळ्याच्या दंतकथेतही गोरक्षनाथ भिक्षेला आले तेव्हा घरची गृहिणी मातीच्याच नागाची पूजा करीत होती. त्या मातीच्या नागाकडे परतण्याने श्रद्धेला उणेपणा येत नाही. बांधावरचे बीळ हेच नागाचे घर. ते शाबूत राखणे हीच त्याची पूजा होय.