विजेचा हिशेब व छपरावरील सौरसंच
(इयत्ता ६ वी व ७ वी : गणित)

उद्देश : वाशीम जिल्ह्यात उन्हाची वानवा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त १ किलोवॅटच्या सौरसंचास ३०,००० रुपये अनुदान ठरले आहे, उर्वरित खर्च कुटुंबाचा. म्हणून संच बसविण्यापूर्वी गरज मोजणे व ती कमी करणे इष्ट होय.

विवेचन : १,००० वॅटचे उपकरण १ तास चालल्यास १ युनिट वीज लागते. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १० तास फिरल्यास ३० दिवसांत २२.५ युनिट लागतात. ३० वॅटच्या नव्या पंख्यास केवळ ९. बचत १३.५ युनिट. तीन पंख्यांची बचत ४०.५ युनिट झाली. १ किलोवॅटचा संच निरभ्र दिवशी सुमारे ४ युनिट वीज देतो. म्हणजे ही बचत त्याच्या दहा दिवसांच्या निर्मितीइतकी होय.

स्वाध्याय : उपकरणांवर छापलेले वॅट व वापराचे तास विद्यार्थ्यांनी पालकांच्या साहाय्याने वहीत उतरावे, बेरीज बिलातील युनिटांशी ताडून पाहावी व तफावतीचे कारण शोधावे. विद्युत्-फलकास हात लावू नये.

सूचना : बिले वर्गात वाचू नयेत. घरच्या थकबाकीमुळे कोणाही बालकास खाली मान घालावी लागू नये.