हार्ड डिस्क दिसत नाही? फॉरमॅट करण्याची घाई करू नका



मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. तेव्हापासून जुन्या संगणकाचे करायचे काय, हा प्रश्न दुकानात सारखा निघतो. एक उत्तर लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य वापरण्याची उघड परवानगी आहे. चोरीची प्रत वापरल्याचा बोजा मनावर राहत नाही.

आम्हीही दुकानातला जुना संगणक कर्वेनगरातील घरी आणला, त्यावर लिनक्स टाकले आणि टीव्हीला जोडला. हेतू हा की, घरातील मंडळींनी तिलावत, बयान ऐकावे, लग्नकार्याच्या चित्रफिती पाहाव्यात. त्यात दोन जुन्या हार्ड डिस्क बसवल्या. एकीत सहा वर्षांची उधारी, दुसरीत मरहूम वालिद साहेबांच्या आवाजातील तिलावत. संगणक सुरू केला तर एकही दिसेना. मेकॅनिक म्हणाला, "फॉरमॅट करा, लगेच दिसेल." दिसली असती खरी, पण कोरी!

आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. कापडाची गाठ आली की आपण तीन गोष्टी पाहतो. गाठ गोदामात पोहोचली का? आवक वहीत नोंद झाली का? आणि गाठ सोडून ताग्याला हात लागतो का? डिस्कचेही हेच तीन टप्पे आहेत. अडले कुठे, ते आधी शोधावे.

पहिला टप्पा तारांचा. संगणक बंद करून प्लग काढावा. साटा डिस्कला दोन तारा लागतात: रुंद तार विजेची, अरुंद तार माहितीची. दोन्ही घट्ट बसवाव्यात. काही मदरबोर्डवर एम-टू डिस्क लावली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. तेव्हा पोर्ट बदलून पाहावा. मग बायोसच्या यादीत डिस्कचे नाव पाहावे. तेथेच नाव नसेल तर दोष लिनक्सचा नव्हे. तारेचा, पोर्टचा किंवा डिस्कचा आहे. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर ताबडतोब थांबावे आणि माहिती परत काढणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. आमच्या एका डिस्कची विजेची तार सैल निघाली. अल्हम्दुलिल्लाह, उधारी सापडली.

दुसरा टप्पा नोंदीचा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एल-एस-बी-एल-के ही पाच इंग्रजी अक्षरे छोट्या लिपीत लिहून एंटर दाबावे. जोडलेल्या डिस्कची नावे व आकार दिसतात. या आज्ञेने काहीही पुसले जात नाही. बायोसमध्ये डिस्क आहे पण येथे नाही, असे झाल्यास बायोसमधील साटाची पद्धत 'रेड' वर आहे का पाहावे. ती 'एएचसीआय' करावी लागते. मात्र त्याच संगणकात विंडोजही असेल, किंवा डिस्क खरोखर रेडच्या जोडीतल्या असतील, तर विचारल्याशिवाय हात लावू नये.

तिसरा टप्पा गाठ सोडण्याचा. याला माउंट करणे म्हणतात. वालिद साहेबांची डिस्क येथेच अडली होती. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असले की संगणक पुरता बंद होत नाही, डिस्क अर्धवट अवस्थेत राहते आणि लिनक्स ती उघडण्यास नकार देऊ शकते. आम्ही ती फक्त वाचण्यापुरती माउंट केली आणि सर्वप्रथम नक्कल काढली.

दर वेळी डिस्क आपोआप उघडावी म्हणून 'एफस्टॅब' या फाइलीत तिची ओळ लिहितात. तेथे एसडीए, एसडीबी अशी नावे लिहू नयेत. ती बदलू शकतात. यूयूआयडी लिहावा. दुकानाचा गाळा बदलतो, जीएसटी क्रमांक तोच राहतो, तसे हे आहे. ओळीत 'नोफेल' हा शब्दही घालावा. नाहीतर एखादे दिवशी डिस्क निघाली की संगणक सुरू होतानाच अडतो. डिस्क उघडूनही चित्रफीत चालत नसेल तर त्या फोल्डरवर आपल्या नावाची परवानगी आहे का ते तपासावे.

बंधूंनो, कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवण्याविषयी आहे. आज ती नोंद डिस्कवर असेल तर डिस्क सांभाळणे हाही अमानतीचाच भाग होय. यंत्र कधीतरी मरणारच. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि फॉरमॅटचे बटण दाबण्यापूर्वी हे तीन टप्पे तपासावेत.

अल्लाह आपल्या व्यवहारात सचोटी व बरकत देवो. आमीन.