कळ दाबली, पण अक्षर उमटेना!

बटण दाबूनही दिवा लागला नाही, तर तुम्ही काय करता? शेजारचा दिवा लागतो का, ते आधी पाहता. जुन्या संगणकाचा कळफलक बिघडला, तरी विचाराची रीत हीच!

'बीबीसी मायक्रो' हा संगणक इंग्लंडमध्ये १९८१ साली निघाला. पुढे 'क्लास' प्रकल्पातून तो भारतातील अनेक शाळांत पोचला. त्याच्या प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. कळ दाबली, की आतले धातूचे दोन भाग एकमेकांना टेकतात आणि विद्युत्मंडल पूर्ण होते. धूळ बसली किंवा धातू काळवंडला, की हा स्पर्श कच्चा राहतो. मग अक्षर उमटत नाही, किंवा एकाऐवजी दोन उमटतात!

दोन कशी? टेकताना धातू किंचित उसळतो. काही मिलिसेकंदांच्या या उसळीकडे संगणक दुर्लक्ष करतो. मळामुळे स्पर्श त्याहून अधिक वेळ तुटला, तर कळ दोनदा दाबली असे तो समजतो.

आता निदान. जवळजवळ सर्व कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर जोडलेल्या असतात. एकच कळ रुसली, तर दोष बहुधा तिच्या स्विचमध्ये. पण एकाच तारेवरच्या अनेक कळा बंद असतील, तर दोष तारेत किंवा जोडणीत शोधावा.

दुरुस्ती शिक्षकांसमोरच करा.

१. संगणक बंद करून प्लग काढा. आतील वीजपुरवठ्याची पेटी मुळीच उघडू नका.

२. कळीची टोपी सरळ वर ओढून काढा.

३. मल्टिमीटरची टोके स्विचच्या दोन डाखांना लावा. कळ दाबल्यावर रोध जवळजवळ शून्य व्हायला हवा. काटा थरथरला, तर मळ आहे असे समजा.

४. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब फटीत सोडा व कळ चाळीस-पन्नास वेळा दाबा. हा द्रव पेट घेतो. जवळ ज्योत नको. पाणी किंवा तेल वापरू नका.

५. पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजा.

गुण आला नाही, तर डाख वितळवून स्विच बदलावा. नवा मिळत नसेल, तर क्वचित लागणाऱ्या कळीचा, त्याच बनावटीचा स्विच तेथे बसवता येतो. मात्र पॉलिश कागदाने धातू घासू नका. वरचा पातळ मुलामा निघून जाईल.

साफ करण्यापूर्वीचा आणि नंतरचा रोध वहीत शेजारी शेजारी लिहा. कळ खरोखर बरी झाली की नाही, हे ते दोन आकडेच सांगतील!