खोकला अंगावर काढू नकोस

कोथरूड, पुणे

चि. मनू,

फोनवर तू मला हसवतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

नाशिकच्या वहिनींचा धाकटा तुला मंडळाच्या दिवाळीत भेटला. त्याने आईला सांगितलं, आईने मला. तू म्हणे दोन घासांमागे एकदा खोकत होतीस, तोंडाशी ओढणी धरून. गालाची हाडं वर आली आहेत. डॉक्टरकडे गेलीस का विचारलं, तर म्हणालीस, "एवढा प्रयोग हातावेगळा झाला की जाते." वहिनींना तिखटमीठ लावायची सवय आहे, हे मी जाणते. पण मग माझी मलाच शंका आली. गेले कित्येक रविवार बोलता बोलता तुझा आवाज मध्येच बंद पडतो आणि तू मान वळवतेस. मी आपली "नेट गेलं वाटतं" म्हणत बसते. नेट जात नव्हतं ना? खोकला आला की तू माइक बंद करत होतीस.

किती दिवसांचा आहे हा खोकला? आधी याचं उत्तर दे. दादाला मी अजून काही बोललेले नाही.

तुझ्या टेबलामागे आनंदीबाई जोशींचा फोटो आहे. तिसरीत असताना तुला नऊवारी नेसवून, गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप अडकवून आम्हीच उभी केली होती. फिलाडेल्फियाला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे वाटताना दादाने वाड्यातल्या प्रत्येकाला ऐकवलं, "आनंदीबाईंच्या कॉलेजच्या गावी चालली." त्यांची जिद्द तुला सगळ्यांनी सांगितली. आजारपण कुणी सांगितलं नाही, ते आज मी सांगते.

चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. बायकांना डॉक्टरीणबाई मिळाली पाहिजे हे तिथून त्यांच्या मनाने घेतलं. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा वय अठरा. फिलाडेल्फियातली खोली अशी, की शेकोटी पेटवावी तर धूर आणि न पेटवावी तर गारठा. त्या थंडीत नऊवारीचा निभाव लागेना, तेव्हा गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पाठीमागे सतत दुखणं, आणि अभ्यास चालूच. ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. त्या घरी आल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. पदवीला वर्षही झालं नव्हतं, वयाची बावीस पुरी झाली नव्हती. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या कोल्हापूरच्या बायकांना ती डॉक्टर मिळालीच नाही.

त्यांच्या हातात काय होतं गं? क्षयाचा जंतू कॉख नावाच्या शास्त्रज्ञाने जगासमोर मांडला तो १८८२ मध्ये, म्हणजे त्या बोटीत बसण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. त्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४३ उजाडलं. तुला क्षयच असेल असं मी म्हणत नाही. ॲलर्जी असेल, दमा असेल, साधा सर्दीपडशाचा मागे राहिलेला खोकला असेल. पण आपल्याकडे दवाखान्याच्या भिंतीवरसुद्धा लिहिलेलं असतं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. अन् तू जीवशास्त्रात संशोधन करणारी! उंदराला शिंक आली तर वहीत नोंद करशील, आणि स्वतःचा खोकला ओढणीत लपवतेस. याला जिद्द म्हणत नाहीत. शुद्ध मूर्खपणा म्हणतात.

रागावलीस? रागाव. मीही दादावर अशीच रागावले होते. एम.एस्सी. झाल्यावर होस्टेलवर राहून संशोधन करत होते, तेव्हा मला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, तरी मी प्रयोगशाळेत. दादा एके दिवशी न सांगता आला, माझी ट्रंक उचलली आणि मला सरळ एसटीत बसवलं. वाटभर मी त्याच्याशी बोलले नाही. वर्ष बुडालं. पुढे किती काळ मी तो विषय निघाला की त्याला टोमणे मारत असे, आणि तो बिचारा मुकाट्याने ऐकून घेई. त्याला "बरं केलंस" एवढं म्हणायचं माझ्याच्याने अजून झालेलं नाही. प्रबंध मग सावकाश झालाच. काळ्या रेक्झिनच्या बांधणीत कपाटात पडून आहे, आणि त्यावरचं साल आजवर एकानेही मला विचारलेलं नाही.

तो १८८५ चा दुसरा फोटो तू पाहिला असशील. आनंदीबाईंच्या शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. केई १८८९ मध्ये डॉक्टर झाली, टोकियोला परतली, जिकेई रुग्णालयात रोगी तपासू लागली. १९४१ पर्यंत जगली. आनंदीबाईंचं मोठेपण कमी होत नाही, पण मला विचारशील तर भिंतीवर केईलाही लाव. आपल्याला अर्ध्यावर गेलेल्यांचीच पूजा करायची खोड आहे. म्हातारं होईपर्यंत काम करणारीला कुणी हार घालत नाही. माझी भाची म्हातारी झालेली मला हवी आहे. ते पाहायला मी नसेन, पण व्हायला हवी.

तेव्हा उद्या सकाळी विद्यापीठाच्या दवाखान्यात जा. विमा आहे तुझा, पैशाचं कारण सांगू नकोस. लागलेच तर माझ्या मुदतठेवी काय लोणच्यासाठी ठेवल्यात? गाइडला स्पष्ट सांग, बरं नाही. ते कुरकुरतील, कुरकुरू देत. मुगाच्या डाळीची खिचडी कर, वर तूप घाल. एक्स-रे काढला की मला फोटो पाठव, मला कळो न कळो.

आणि तिथे फारच एकटं वाटत असेल, तर तेही लपवू नकोस. काम अर्धं टाकून ये, पुरं करून ये, कशीही ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. मी बोलले ते बोलले, मनात धरू नकोस. रविवारी फोन करशील तेव्हा माइक चालू ठेव. खोकलीस तरी चालेल, मला ऐकू दे.

तुझी,
आत्या