पिळून झालेलं लिंबू

पोह्यांवर किंवा वरणभातावर पिळून झालं की लिंबाची फोड थेट ओल्या कचऱ्यात जाते. सूनबाई असो, नात असो, की नोकरीच्या गावी एकटा राहून स्वयंपाक शिकणारा नातू असो, मी सगळ्यांना एकच सांगते: जरा हात आवरा. रस गेला तरी त्या फोडीत दोन कामाच्या गोष्टी उरलेल्या असतात. आतल्या गराला चिकटलेलं आंबट, म्हणजे सायट्रिक आम्ल, आणि सालीवरच्या बारीक बारीक ठिपक्यांत भरलेलं तेल. आंबट धातूच्या आणि क्षारांच्या कामाचं, तेल वासाच्या आणि चिकटपणाच्या कामाचं. एवढं ध्यानात ठेवलंत की कुठे काय चोळायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

पण सगळ्यात आधी पोटात जायचं ते बघा. आमच्या सासूबाई पिळलेल्या फोडी चिनी मातीच्या सटात मीठ लावून साठवायच्या, आणि सट भरला की त्या फोडींचंच लोणचं व्हायचं. मीही तेच करते. साल खायची असल्यामुळे लिंबं पिळायच्या आधी स्वच्छ धुऊन कोरडी करायला हवीत. फोडीतली बी न् बी काढायची, कारण लोणचं कडू होतं ते मुख्यतः बियांमुळे. फोडींचे बारीक तुकडे करून मीठ आणि थोडी हळद लावायची. पिळलेल्या फोडींना स्वतःचा रस नसतो, म्हणून पाव किलो फोडींना दोन-तीन ताज्या लिंबांचा रस वरून घालायचा. तुकडे त्यात बुडालेले राहिले पाहिजेत, वर उघडे राहिलेले तुकडेच बुरशी धरतात. बरणीला फडकं बांधून उन्हात ठेवायची आणि रोज एकदा कोरड्या चमच्याने तळापासून हलवायची. दोन-तीन आठवड्यांत साल मऊ होते. मग गूळ किंवा साखर आणि तिखट. उपासाचं हवं असेल तर हळद सुरुवातीपासूनच वगळायची आणि तिखटाबरोबर जिरेपूड घालायची. तेलाचा थेंब लागत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला मऊ भाताबरोबर या लोणच्याची एक फोड दिली की त्याच्या तोंडाला चव येते. हे लोणचं काचेत किंवा चिनी मातीतच ठेवा. अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि कल्हई नसलेलं पितळ यांत आंबट ठेवायचंच नाही, कारण धातू त्यात उतरतो. म्हणूनच तांब्याच्या पेल्यात पाणी प्या, लिंबाचं सरबत नको.

लोणच्यात न जाणाऱ्या फोडींवर पहिला हक्क कुकरचा. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तळाच्या पाण्याने आतून काळा पडतो. त्या पाण्यात एक पिळलेली फोड टाकली की तो काळपटपणा धरत नाही. फोड अख्खी टाका आणि बिया आधी काढा, शिट्टीच्या भोकात बी अडकायला नको. कुकर आधीच काळा झाला असेल तर काळ्या रेघेच्या वर येईल इतकं पाणी घ्या, चार-सहा फोडी टाका, झाकण न लावता दहा मिनिटं उकळा आणि मग घासा.

आता देवाची उपकरणी. गौरी-गणपतीच्या आधी ताम्हन, पळी-पंचपात्र, समई, निरांजन हे सगळं काळवंडलेलं असतं. अर्धी फोड जाड्या मिठात दाबायची आणि तांब्यावर गोल गोल फिरवायची. फिरवता फिरवता फोडीखालून काळसर हिरवट पाणी ओघळायला लागतं आणि मागे गुलाबी तांबं उघडं पडतं. आंबटाने तांब्यावरचं किटण विरघळतं, मीठ त्या कामाला जोर देतं आणि वर घासायच्या वाळूचंही काम करतं. ताम्हनाच्या काठाची नक्षी, समईच्या चाड्यातला कोपरा अशा जागी फोड दुमडून सालीचं टोक आत घालायचं. समईला तेलाचा चिकट थर असतो. तो आधी गरम पाण्याने आणि साबणाने काढा, नाहीतर लिंबू पितळेपर्यंत पोचतच नाही. पुढचं ज्याच्या-त्याच्याकडून राहून जातं, म्हणून नीट ऐका: लिंबू लावून भांडं तसंच ठेवून द्यायचं नाही. पितळेत तांबं आणि जस्त असतं. आंबट फार वेळ राहिलं की वरचं जस्त निघून जातं आणि पितळ तांबूस, डागाळलेलं दिसतं. घासा, लगेच धुवा, लगेच सुक्या फडक्याने कोरडं करा. भेट आलेल्या पितळी शोभेच्या वस्तूंवर चकचकीत लेप असतो, त्यांना लिंबू लावू नका. चांदीचा काळेपणा वेगळा, तिथे लिंबू फारसं लागू पडत नाही.

बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाशी पांढरा खर धरतो. तिथे फोड टोपीसारखी बसवून थोडा वेळ ठेवा, मग चोळून धुवा. विजेच्या किटलीच्या तळाशी क्षार साठले असतील तर पाण्यात दोन-तीन फोडी टाकून उकळा, अर्धा तास तसंच राहू द्या आणि ते पाणी ओतून टाका.

पण जे आंबट हा खर खातं, तेच तुमची फरशीही खातं. खर म्हणजे मुख्यतः चुन्याचे क्षार, आणि शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर या सगळ्या दगडांत तोच चुना असतो. कडप्प्याच्या ओट्यावर पिळलेली फोड रात्रभर पडली की सकाळी तिथे फिका, खरखरीत डाग दिसतो. तो पुसून जात नाही, कारण वरचा दगडच झिजलेला असतो. मोतीही चुन्याचाच. तेव्हा सणाच्या गडबडीत मोत्याची नथ लिंबाने उजळायला कुणी घेत असेल तर तिच्या हातातून काढून घ्या.

वासाचं काम सालीकडे. बोंबील किंवा सुरमई साफ केल्यावर, लसूण सोलल्यावर साल उलटी करून बोटांना आणि नखांच्या कडांना चोळा. केळफूल किंवा कच्ची केळी चिरून काळे पडलेले हातही फोडीने स्वच्छ होतात. लाकडी पाट, विळी, डब्याचं झाकण यांनाही तीच रीत. फक्त विळी लगेच पुसून ठेवायची, नाहीतर गंजते. नव्या बरणीवरच्या लेबलाचा डिंक साबणाने जात नाही, तो सालीच्या तेलाने सुटतो. मात्र हाताला लिंबू लागलेलं असताना उन्हात जाऊ नका. सालीतल्या काही द्रव्यांमुळे उन्हात कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि काळे डाग कितीतरी दिवस राहतात. तोंडाला लिंबू चोळून गच्चीवर कपडे वाळत घालायला जाणाऱ्या मुलींना हे मी आवर्जून सांगते.

सोडा आणि लिंबू एकत्र करून बाटलीत भरून ठेवण्यात अर्थ नाही. फसफस होते तेव्हाच दोघांची ताकद एकमेकांत संपते. सिंकच्या जाळीवर आधी सोडा टाकून वर फोड चोळलीत तर त्या क्षणी मळ सुटायला मदत होते, तेवढाच त्याचा उपयोग. आणि ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच जिथे टाकलं असेल तिथे लिंबू अजिबात नको. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

ज्या साली रोज लागत नाहीत त्या सावलीत वाळवा. कडकडीत झाल्या की शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा यांच्याबरोबर दळायला द्या. पूर्वी शिकेकाईच्या पिशवीत लिंबाची साल असायचीच.

लिंबाचा भाव बघून वागा. उन्हाळ्यात, ऐन सरबताच्या दिवसांत, लिंबू कडाडतं, कारण त्या दिवसांत फळ मिळायचं तर झाड हस्त नक्षत्राच्या सुमारास फुलावं लागतं आणि तो बहार बेताचाच येतो. आषाढ-श्रावणात बाजार लिंबांनी भरतो आणि भाव उतरतो. तेव्हा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, उरलेल्या फोडींचं लोणचं घाला. उन्हाळ्यात एकेक लिंबू विकत घेताना ते ओट्यावर तळव्याने दाबून फिरवा आणि मग कापा, म्हणजे रस पुरता निघतो. भाजी-आमटीत गॅस बंद केल्यावरच पिळा.

फ्रीजमध्ये झाकणाचा एक डबा फक्त फोडींसाठी ठेवा. त्यात त्या आठवडाभर चांगल्या राहतात. बुरशी दिसली तर मात्र ती फोड टाकून द्या, तिचं काहीही करू नका.