पुण्याची नोकरी, साताऱ्या-सांगलीचं बिऱ्हाड

हिंजवडी किंवा चाकणच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की घरात, भावकीत आणि कट्ट्यावर एकच चौकशी होते, 'पॅकेज किती?' हिशेब तिथूनच वाकडा होतो. पॅकेजच्या आकड्यात कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि वर्षअखेरीस मिळाला तर मिळणारा 'व्हेरिएबल' असं सगळं कोंबलेलं असतं. ९ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना ७५ हजार नव्हेत. त्यामुळे एचआरला सरळ विचारा, पहिल्या पूर्ण महिन्याला बँकेत किती जमा होतील? उत्तर मेलवर घ्या. पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यावर.

दुसरी गोष्ट, तुलना दोन पगारांची करू नका. महिनाअखेरीला अख्ख्या घराच्या हातात काय उरतं, ते बघा. घरात बायको कमावते, वडिलांची पेन्शन येते, गावाकडून ज्वारी आणि शेंगा येतात, आई नातवंडं सांभाळते. हे सगळं आजच्या उत्पन्नात धरायचं असतं. यातलं बरंचसं पासबुकात दिसत नाही, म्हणून ते सुटतं.

या दोन जिल्ह्यांना असल्या निर्णयाची सवय जुनी आहे. पाटण-जावळीचा माथाडी मुंबईत आणि बायको-पोरं गावात, हा संसार कैक पिढ्या चालला. खानापूर-आटपाडीच्या गलाई व्यावसायिकांनी दुष्काळाला कंटाळून केरळपासून पंजाबपर्यंत सोनं-चांदी गाळण्याची दुकानं थाटली आणि जम बसल्यावर बिऱ्हाडंही तिकडे नेली. पहिल्या तऱ्हेत शेत, गुरं, सासू-सासरे, शाळा हा सगळा भार गावातल्या बाईने उचलला आणि त्याची किंमत कुठल्याच वहीत चढली नाही. आजही 'तो एकटाच जाऊ दे, स्वस्त पडेल' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात नेमका तोच रकाना कोरा असतो.

एका घराची वही

समजा, सांगलीतलं चौकोनी कुटुंब आहे. सोबत आई, घर स्वतःचं. नवऱ्याच्या हातात महिना ४० हजार, बायको खासगी शाळेत १४ हजारांवर. पुण्याच्या नोकरीत नवऱ्याच्या हातात ६५ हजार पडणार, म्हणजे वाढ २५ हजारांची. हे आकडे नमुन्याचे आहेत. पद्धत घ्या आणि आकडे स्वतःचे भरा.

सगळं बिऱ्हाड हलवलं तर भाडं आणि सोसायटीचा मेंटेनन्स मिळून २० हजार, शाळेची फी आणि स्कूल बस यांतली वाढ ५ हजार, किराणा-दूध-भाजी यांतली वाढ ३ हजार, महिन्यातून एकदोनदा सांगलीच्या खेपा अडीच हजार आणि बंद घराची घरपट्टी, वीजबिल, झाडलोट मिळून दीड हजार. हे झाले ३२ हजार. त्यात बायकोचे १४ हजार बंद. एकूण फटका ४६ हजारांचा, वाढ २५ हजारांची. पगार वाढूनही घर दरमहा २१ हजारांनी मागे!

बायकोला पुण्यात १८ हजारांची नोकरी लागली की तूट ३ हजारांवर येते. म्हणजे पहिल्या वर्षी सगळं तिला काम कधी मिळतं यावर लटकलेलं असतं. सहा महिने लागले तर तेवढ्यातच सव्वा लाख जातात. पाव्हण्यांच्या सल्ल्यात हा मुद्दा क्वचितच येतो.

नवरा एकटा गेला तर कॉट बेसिसवर ६ हजार, मेस किंवा डबा ४ हजार, दर आठवड्याची सांगलीची खेप ५ हजार, किरकोळ दीड हजार. घरातलं त्याचं खाणंपिणं वाचलं म्हणून अडीच हजार वजा करा. निव्वळ खर्च १४ हजार, शिल्लक ११ हजार. कागदावर हा पर्याय सरळ जिंकतो. पण दवाखाना, पालकसभा, आईचं बीपी, नळाचं पाणी गेलं की धावपळ, हे सगळं एकीवर पडतं. त्यासाठी पोळ्यांना बाई, रिक्षावाले काका, शिकवणी लावावी लागली तर ११ हजारांतले पाचसहा हजार तिथेच जातात. ते आधीच वजा करून बघा.

एकदाचा खर्च

टेम्पोचं भाडं सगळे धरतात. त्याशिवाय डिपॉझिट, एजंट मध्ये असेल तर त्याची दलाली, शाळांचे प्रवेश आणि नव्या घरात हटकून लागणारे पडदे, गीझर, पाण्याचा फिल्टर. डिपॉझिट परत मिळतं, पण ते जातं तेव्हा रोख जातं. सोनं गहाण ठेवून किंवा वैयक्तिक कर्ज काढून ते भरत असाल तर व्याज खर्चात घाला.

भाडेकराराबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कम मिळवतात. महिना २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट आणि ११ महिन्यांचा करार असेल तर हे शुल्क ६०० रुपयांच्या आत येतं. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. म्हणजे सरकारजमा साधारण सोळाशे. एजंट त्यावर जे सांगेल ती त्याची मजुरी. घासाघीस करायला हरकत नाही.

कंपनीकडे स्थलांतर भत्ता मागा. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर, औंध संस्थानच्या जागेत कारखाना उभा केला, तेव्हा कामगारांसाठी घरं आणि वसाहतही उभी करावी लागली. तीच आजची किर्लोस्करवाडी. आजच्या कंपन्या फार तर टेम्पोचं बिल आणि पंधरा दिवसांचा मुक्काम देतात, तोही मागितला तरच. दिला तर वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास वसुलीची अट आहे का, ते वाचा.

साताऱ्याचं गणित वेगळं

सातारा-पुणे अंतर ११० किलोमीटरच्या आसपास, सांगली-पुणे त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. या फरकामुळे सातारकराला एक तिसरी वाट उघडते, ती सांगलीकराला नाही. नोकरी शिरवळ-खंडाळ्याच्या एमआयडीसीत असेल तर साताऱ्यातून रोजचं अपडाऊन जमतं. एसटीच्या मासिक पासाला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. त्यामुळे शिरवळची नोकरी बायकोची असेल तर साताऱ्याचं घर सोडायचं कारणच उरत नाही.

पुणे शहरातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून रोज जाणं-येणं मात्र मी सुचवणार नाही. स्वारगेटपर्यंतच अडीच तास धरावे लागतात आणि खंबाटकीत किंवा कात्रजला वाहतूक अडकली की हाजिरी चुकते. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. त्यामुळे एसटीतून उतरून शिवाजीनगर, पिंपरी गाठणं सोपं झालं. चाकण किंवा रांजणगावला तिचा उपयोग नाही. तिथे कंपनीची बस कुठून सुटते, हे घर बघण्याआधी विचारा. सातारकरांनी आठवडाभर पुण्यात राहून शुक्रवारी रात्री घरी यावं आणि घर हलवण्याचा विचार वर्षभर पुढे ढकलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतःची गाडी असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास बघा. त्यात २०० फेऱ्या मिळतात आणि एक टोलनाका ओलांडला की एक फेरी जाते. साताऱ्याहून पुण्याला आणेवाडी आणि खेड-शिवापूर हे दोन नाके, म्हणजे येऊन-जाऊन चार. दर आठवड्याला गेलात तर पास जेमतेम वर्षभर पुरतो. सांगलीहून पेठ नाक्यामार्गे आलात की तासवडेही लागतो. मग ३३ खेपांत पास संपतो. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले जे भाडं सांगतात त्यालाही मर्यादा आहे: त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. तिकीट जपून ठेवलंत तरच तक्रार करता येईल.

बायकोची नोकरी आणि मुलांची शाळा

बायको जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणातून आंतरजिल्हा बदली मागता येते, पण नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता यादीत ती तळाला जाते. पुढच्या बढत्या आणि सोयीची शाळा लांबणीवर पडते, हीही किंमतच. खासगी अनुदानित शाळेत अशी बदली हक्काने मिळत नाही. अंगणवाडी सेविकेची नेमणूक स्थानिक रहिवासी म्हणून असते. गाव सोडलं की नोकरी सुटली. शिवणकाम, पार्लर, शिकवण्या अशा धंद्यांना गिऱ्हाईक नव्याने जोडावं लागतं. पहिल्या वर्षी त्यातून शून्य उत्पन्न धरलेलं बरं.

मुलांच्या बाबतीत इयत्ता बघून ठरवा. आठवीपर्यंत बदल सोपा असतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मूल आरटीईच्या २५ टक्क्यांतून शिकत असेल तर थांबून विचार करा. ती जागा सोडली की पुण्यात वरच्या वर्गासाठी ती पुन्हा मिळत नाही, कारण हे प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच होतात. आज शून्य असलेली फी उद्या पूर्ण भरावी लागेल.

दहावी आणि बारावीच्या वर्षी हलू नका. सातारा-सांगली कोल्हापूर विभागीय मंडळात येतात, पुणे वेगळं मंडळ. मधल्या वर्षात बदल म्हणजे परवानग्यांच्या चकरा. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात, त्यामुळे दहावीनंतरचा जून हा हलायला सगळ्यात मोकळा काळ. अभियांत्रिकीला जायचं असेल तर बारावी कुठून करायची हेही बघा. काही जागांसाठी गृहविद्यापीठ मोजतात आणि ते बारावीच्या गावावरून ठरतं. सांगलीची मुलगी पुण्यातून बारावी झाली की शिवाजी विद्यापीठाऐवजी पुणे विद्यापीठात मोजली जाण्याची शक्यता असते. त्या वर्षीची सीईटी सेलची माहितीपुस्तिका वाचूनच कॉलेज भरा.

मागे राहिलेलं घर

घर विकू नका, निदान प्रोबेशन संपेपर्यंत तरी नाही. आई-वडील तिथेच राहणार असतील तर बंद घराचा खर्च वाचतो, पण त्यांच्याकडे रात्री-अपरात्री धावणारं माणूस कोण, ते नावानिशी ठरवा. मिरज जवळ असल्याने सांगलीत दवाखान्यांची ददात नाही. प्रश्न तिथवर नेणाऱ्याचा असतो.

सांगलीत आणखी एक रकाना लागतो, पुराचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. घर पूरपट्ट्यात असेल आणि सगळे पुण्यात, तर पावसाळ्यात पाणी ४० फुटांकडे निघालं की फ्रिज, गाद्या आणि कागदपत्रं माळ्यावर कोण चढवणार? घर भाड्याने दिलंत तर हा प्रश्न मिटतो आणि वर ६-७ हजार वहीत जमेच्या बाजूला येतात. बंदच ठेवणार असाल तर घराच्या विम्याच्या पॉलिसीत घर किती दिवस बंद असलेलं चालतं, ते वाचा.

'घरभाड्यावर टॅक्स वाचेल' हा सल्ला तपासून घ्या. घरभाडे भत्त्याची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर नाही. वर मांडलेल्या घराला भाड्याच्या पावतीने एक रुपयाही वाचणार नाही.

सांगलीकरांना मी सुचवेन तो क्रम असा: नवऱ्याने किंवा बायकोने, ज्याला नोकरी लागली त्याने, आधी एकट्याने जावं. तेवढ्या काळात दुसऱ्याने पुण्यात अर्ज टाकत राहावं. प्रोबेशन संपलं आणि दुसऱ्याच्या हातातही नेमणुकीचं पत्र आलं की एप्रिल-मेमध्ये बिऱ्हाड हलवावं. शाळा सीबीएसईची असेल तर वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, म्हणून निर्णय फेब्रुवारीपर्यंत हवा. राज्य मंडळाला जूनपर्यंत सवड असते. वर्षभरात दुसरी नोकरी लागलीच नाही, तर वही पुन्हा उघडा आणि सांगली, मिरज, कुपवाडच्या जाहिराती परत बघायला लाजू नका. ५५ हजारांची कुपवाडची नोकरी या घराला ६५ हजारांच्या पुण्यापेक्षा जास्त शिल्लक देते.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर वर्ग करून घ्या. रेशनचं धान्य कार्ड न बदलता पुण्यातल्या दुकानातही उचलता येतं. मतदारयादीतला पत्ता बदलायला नमुना ८ भरा. गॅस त्याच कंपनीकडे वर्ग करून घ्या. एमएच १० किंवा एमएच ११ ची गाडी राज्यातल्या राज्यात तशीच चालते. साखर कारखान्याचा शेअर वडिलांच्या नावावर असेल तर त्याला हात लावू नका; सवलतीची साखर सभासदाला तिकडेच मिळते आणि दिवाळीला गावी गेल्यावर ती उचलून आणता येते.